चिखल, मुळं आणि राष्ट्रीय अजिंक्यपद

सायक्लोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धेत सकाळी आठ वाजता मुलांना जी जमीन मिळते, ती दुपारी अव्वल गटाला मिळत नाही. मधल्या सहा तासांत त्याच तीन किलोमीटरच्या फेरीवरून शेकडो सायकली गेलेल्या असतात. पहाटे थंडीने टणक झालेलं गवत दहापर्यंत ओलं होतं, बारापर्यंत उखडतं आणि दोनपर्यंत त्या जागी खोल चाकोऱ्या पडतात. रस्त्यावरच्या शर्यतीत डांबर पहिल्याला आणि शेवटच्याला सारखंच असतं. इथे प्रत्येक जण मागून येणाऱ्याचा मार्ग बिघडवत जातो आणि पुढच्या फेरीला त्याच बिघडलेल्या मार्गावर स्वतःही येतो. त्यामुळे या खेळात पायांतल्या ताकदीइतकंच महत्त्व जमीन ओळखण्याला आहे. ती जमीन बहुतेक वेळा एखाद्या शहराची सार्वजनिक बाग असते, आणि हे विसरल्यावर काय होतं ते अमेरिकेने २०१५ च्या जानेवारीत पाहिलं.

आधी खेळ कसा असतो ते पाहू. मार्ग साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा, बंद फेरीचा, किमान तीन मीटर रुंद. त्यावर गवत, वाळू, उतार, पायऱ्या आणि आडव्या ठेवलेल्या लाकडी फळ्या असतात. फळीची उंची ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसारखी, वाकड्या हँडलची. पण टायर खडबडीत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे त्यांची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. अव्वल पुरुषांची शर्यत सुमारे एक तास चालते. महिलांची आता पन्नास मिनिटांची आहे, पूर्वी ती चाळीसच मिनिटांची असे. अंतर आधी ठरलेलं नसतं. सुरुवातीच्या फेऱ्यांना आघाडीच्या स्पर्धकाला किती वेळ लागला ते पाहून पंच एकूण फेऱ्या ठरवतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. हा खेळ फ्रान्समध्ये वाढला. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये दानिएल गुसो या सैनिकाच्या पुढाकाराने झाली. १९१० ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या सरावाला दिलं आणि रस्त्यावरचे सायकलपटू या खेळाकडे गांभीर्याने पाहू लागले. जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये पॅरिसला सुरू झालं.

बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स या देशांत राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी होतात. अमेरिकेत त्या २०१० पर्यंत डिसेंबरात व्हायच्या. मग युरोपाशी जुळवून घेण्यासाठी त्या जानेवारीत नेल्या, त्यामुळे २०११ या वर्षात स्पर्धाच झाली नाही. २०१८ मध्ये त्या पुन्हा डिसेंबरात आणल्या, तेव्हा त्या एका वर्षात दोनदा विजेते ठरले: जानेवारीत रिनोला आणि डिसेंबरात लुईव्हिलला.

अमेरिकेतल्या स्पर्धेचं मोठेपण मला तिच्या अव्वल गटापेक्षा इतर गटांत अधिक दिसतं. इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांचे वेगवेगळे गट असतात. प्रौढांचे गट पाच-पाच वर्षांच्या फरकाने केलेले असतात आणि महाविद्यालयीन स्पर्धकांची शर्यत वेगळी असते. एकाच गिअरच्या सायकलींचीसुद्धा वेगळी शर्यत असते. प्रत्येक गटाच्या विजेत्याला तारे आणि पट्टे असलेली राष्ट्रीय जर्सी मिळते आणि पुढचं वर्षभर आपल्या गटात ती घालायचा मान त्याचाच असतो. पंचावन्न वर्षांचा एखादा शिक्षक किंवा सुतार वर्षभर पहाटे उठून सराव करतो, रजा साठवतो, दोन सायकली आणि चाकांच्या चार जोड्या गाडीत भरून हजार-दीड हजार किलोमीटर येतो, तो पाऊण तासाच्या एकाच शर्यतीसाठी. ती हुकली तर दुसरी संधी पुढच्या वर्षी. हा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे २०१५ च्या ऑस्टिनमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत लोक का रडले ते कळतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्गावर फिरून पाहण्याची वेळ ठरलेली असते. नवखा स्पर्धक या वेळात दमून घेतो. अनुभवी स्पर्धक एकेका वळणावर थांबतो, मागे जातो, वेगळ्या रेषेने पुन्हा येतो. उतरून पळावं लागेल अशी जागा कोणती, सायकलवर बसूनच चढता येईल असा चढ कुठला, पाऊस पडला तर यातलं काय बदलेल, हे तो मनाशी नोंदवतो. पण त्या दिवशीचा खरा निर्णय टायरमध्ये हवा किती भरायची हा असतो. रस्त्यावरच्या अरुंद टायरमध्ये ऐंशी-नव्वद पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाने हवा भरण्याची जुनी रीत आहे. इथे पंचवीस पीएसआयसुद्धा जास्त ठरू शकते आणि दाट चिखलात लोक विसाच्या आसपास येतात. हवा कमी केली की टायर पसरतं, त्याचा मोठा भाग जमिनीला टेकतो आणि पकड वाढते. फार कमी केली तर मुळावर किंवा दगडावर आपटून रिम वाजते, आणि तिरक्या उतारावर टायर रिमवरून निसटू शकतं. म्हणून कित्येक वर्षं या खेळात रिमला गोंदाने चिकटवलेल्या ट्यूब्युलर टायरना मान होता. गोंदाचे थर लावून ते वाळवण्यात दिवस जात. अव्वल स्पर्धक एक-एक पीएसआयचा फरक करून पाहतात, आणि त्यात जराही अतिशयोक्ती नाही. वाळू, कोरडं गवत आणि चिखल यांसाठी टायरची नक्षीही वेगळी असते. चिखलाच्या टायरवर उंच आणि विरळ गाठी असतात, म्हणजे चाक फिरताना मधला चिखल फेकला जातो.

शर्यत सुरू होण्याच्या आधी नावं पुकारली जातात. मोसमात मिळवलेल्या गुणांप्रमाणे पहिल्या ओळीत आठ जण, त्यांच्या मागे आठ, अशा ओळी लागतात. शंभर जणांच्या गटात तुमचं नाव शेवटी पुकारलं गेलं, तर बाराव्या-तेराव्या ओळीत उभं राहावं लागतं. शिटी वाजल्यावर पहिली ओळ सुसाट निघते आणि शेवटच्या ओळीतला माणूस अजून पेडलमध्ये बूट अडकवत असतो. सुरुवातीचा सरळ रस्ता रुंद असतो, पण पहिल्या वळणावर तो आक्रसतो. तिथे गर्दी होते, कुणी पडतं, मागचे उतरून उभे राहतात. पुढे गेलेल्यांना तेवढ्यात मिळालेली आघाडी नंतर ताकदीने भरून काढणं फार कठीण. म्हणून शर्यत तासाची असली तरी पहिली दोन मिनिटं शंभर टक्के जोर लावून काढावी लागतात. छातीतले ठोके वर जातात आणि शेवटपर्यंत खाली येत नाहीत.

पुढचं कसब सायकलवरून उतरण्याचं आहे. फळ्या जवळ आल्या की स्पर्धक उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणतो. क्षणभर एकाच पेडलवर उभा असा तो सायकलबरोबर जातो, मग उजवा हात फ्रेमच्या वरच्या दांड्यावर ठेवून वेग न मोडता जमिनीवर पळू लागतो. फळीवरून सायकल उचलायची, चार-पाच पावलांनी दुसरी फळी, पुन्हा उचलायची आणि उडी मारून बसायचं. बसताना मांडीच्या आतल्या बाजूने आधी टेकायचं असतं, नाहीतर फार दुखतं. चढ मोठा असेल तर हात फ्रेममधून घालून सायकल उजव्या खांद्यावर घ्यायची. साखळीची बाजू बाहेर राहते आणि डावा हात तोल सांभाळायला मोकळा मिळतो. बुटांच्या पुढच्या टोकाला खिळे लावलेले असतात, तरी ओल्या चढावर माणूस गुडघ्यांवर येतोच. बेल्जियमचा स्वेन नेस फळ्यांवरून सायकलसकट उडी मारून जात असे. पूर्वी हे धाडस वाटे. आता ज्याला पहिल्या पाचात यायचं आहे त्याला ते यावंच लागतं.

चिखलाच्या दिवशी शर्यतीचा अर्धा भाग पिटमध्ये घडतो. पिट म्हणजे मार्गाच्या कडेची ठरवून दिलेली जागा. तिथे स्पर्धकाची दुसरी सायकल घेऊन त्याचा मेकॅनिक उभा असतो. चिखलाने माखलेल्या सायकलचं वजन काही किलोंनी वाढतं, ब्रेक आणि गिअरमध्ये गवत गुंततं आणि मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तुटून चाकात जाऊ शकतो. म्हणून स्पर्धक पिटमध्ये शिरतो, पळता पळता घाण सायकल सोडतो, स्वच्छ सायकल घेतो आणि जातो. पुढच्या काही मिनिटांत मेकॅनिकने ती घाण सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून, साखळीला तेल देऊन तयार ठेवायची असते. फार चिखल असेल तर प्रत्येक फेरीत दोनदा सायकल बदलली जाते. मेकॅनिक म्हणजे कधी पगारी माणूस, कधी बायको, कधी वडील. ज्याच्याकडे एकच सायकल आहे, त्याची अशा दिवशी खरी परीक्षा होते, आणि हौशी गटांत असे पुष्कळ असतात.

एक नियम बाहेरच्या माणसाला निष्ठुर वाटतो. आघाडीच्या स्पर्धकाला फेरीला जितका वेळ लागतो त्याच्या ऐंशी टक्क्यांइतकं कुणी मागे पडलं तर पंच त्याला बाहेर काढतात. फेरी सात मिनिटांची असेल तर साडेपाच मिनिटांच्या आसपास मागे पडलेल्याची शर्यत तिथेच संपते. आघाडीच्या वाटेत कुणी येऊ नये हा हेतू रास्त आहे. म्हणून मागच्या ओळीतून निघालेल्या कितीतरी जणांचं ध्येय जिंकणं नसतं, शेवटची घंटा ऐकणं हे असतं. त्यासाठी ते जितके झटतात ते पाहताना मला अव्वल गटाच्या लढतीपेक्षा जास्त ओढ लागते.

आता चिखलाबद्दल. चिखल एकाच जातीचा नसतो. स्वीडनच्या अल्बर्ट अटरबर्ग या रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास चिकणमातीतलं पाणी वाढत जाताना तिचं वागणं कसं बदलतं याच्या मर्यादा मोजून ठरवल्या. कोरडी माती ठिसूळ असते. एका मर्यादेनंतर ती मळता येते. त्यापुढच्या मर्यादेनंतर वाहू लागते. धरणं आणि रस्ते बांधणारे अभियंते आजही या मर्यादा वापरतात. सायक्लोक्रॉसचे स्पर्धक तेच ज्ञान चाकांमधून शिकतात. पाऊस धो-धो पडत असताना चिखल पातळ असतो, सायकलला लागतो आणि धुवून जातो. असा मार्ग वेगवान राहू शकतो. पाऊस थांबून तास-दोन तास झाले, वारा सुटला, की तीच माती मळलेल्या अवस्थेत येते, टायरला थरांवर थर चिकटते, चाक फ्रेममध्ये अडकून फिरेनासं होतं. म्हणून मोठा पाऊस पडलेल्या दिवशी दुपारी उशिरा शर्यत असलेल्यांना सकाळच्यांपेक्षा जास्त धुवावं लागतं, जास्त पळावं लागतं.

ऑस्टिनची स्पर्धा २०१५ च्या जानेवारीत झिल्कर पार्कमध्ये भरली. सुमारे साडेतीनशे एकरांची ही बाग म्हणजे टेक्सासच्या राजधानीचं अंगणच. तिथे बार्टन स्प्रिंग्जचं झऱ्याच्या पाण्याचं तळं आहे आणि जुन्या झाडांची सावली आहे. बुधवारपासून शर्यती सुरू झाल्या. मग पाऊस आला आणि शनिवारी मार्ग पार भिजला. रविवारी, ११ जानेवारीला, अव्वल महिला, अव्वल पुरुष, तेवीस वर्षांखालचे आणि ज्युनिअर मुलं यांच्या शर्यती व्हायच्या होत्या. त्या सकाळी शहराच्या उद्यान विभागाने शर्यती थांबवल्या आणि सगळ्यांना बाग रिकामी करायला सांगितलं. कारण दिलं ते झाडांच्या मुळांचं.

देशभरातून आलेले स्पर्धक चिडले, आणि त्यांची चीड मला समजते. पण शहराची बाजू समजून घ्यायची तर ऑस्टिनचा कायदा पाहायला हवा. २०१० मध्ये या शहराने वारसा-वृक्षांचा नियम केला. जमिनीपासून साडेचार फुटांवर ज्याच्या खोडाचा व्यास २४ इंच किंवा अधिक भरतो, असा ओक, पेकन, सीडर एल्म किंवा यादीतला दुसरा वृक्ष परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि त्याला इजाही करता येत नाही. मुळांचं क्षेत्र मोजायची रीतही ठरली आहे: व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक फूट त्रिज्या. २४ इंचांच्या झाडाभोवती २४ फूट त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे सुमारे १,८०० चौरस फूट जमीन जपायची. बहुतेक झाडांची अन्नपाणी घेणारी मुळं खोल नसतात, वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीतच पसरलेली असतात.

त्या मातीवर ओली असताना वर्दळ झाली की काय होतं ते आपल्याकडचा कुठलाही भात लावणारा शेतकरी जाणतो. खाचरात पाणी भरून चिखलणी करतात ती मातीतल्या पोकळ्या मोडण्यासाठीच. त्या मोडल्या की पाणी खाली झिरपत नाही, वर साचून राहतं, आणि भाताला तेच हवं असतं. ओकच्या मुळांना मात्र त्या पोकळ्यांमधली हवा लागते. तीस-बत्तीस मिलिमीटरच्या टायरखाली जमिनीवर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास असतो. त्यावर खिळ्यांचे बूट घालून पळणारे स्पर्धक आणि दोरीच्या पलीकडे उभे असलेले हजारो प्रेक्षक यांची भर पडते. कोरड्या जमिनीने हे सोसलं असतं. भिजलेल्या चिकणमातीत मुळं घुसमटतात, आणि झाड लगेच वाळत नाही. शेंड्याकडच्या फांद्या काही वर्षांनी मरू लागतात. तोपर्यंत शर्यत कुणाच्याच लक्षात नसते. म्हणून मुळांबद्दलची शहराची काळजी खोटी नव्हती.

दिवसभर शहराचे अधिकारी आणि यूएसए सायकलिंग ही राष्ट्रीय संघटना यांच्यात बोलणी झाली. शेवटी मार्ग झाडांपासून दूर वळवून राहिलेल्या शर्यती सोमवारी, १२ जानेवारीला घ्यायचं ठरलं. सगळ्यांना थांबता येणं शक्य नव्हतं. कुणाची विमानाची तिकिटं, कुणाची सोमवारची नोकरी, कुणाच्या मुलांची शाळा. थांबले ते धावले. महिलांत केटी कॉम्प्टन जिंकली. हे तिचं सलग अकरावं राष्ट्रीय अजिंक्यपद. पुरुषांत जेरेमी पॉवर्स जिंकला, त्याचं तिसरं. पुढच्या वर्षी त्याने चौथंही मिळवलं.

कॉम्प्टनबद्दल थोडं सांगायला हवं. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये तिने दृष्टिबाधित सहकारी मागे बसवून टँडम सायकल चालवली आणि सुवर्णपदकं मिळवली. त्याच वर्षी डिसेंबरात ती पहिल्यांदा सायक्लोक्रॉसची राष्ट्रीय विजेती झाली आणि २०१८ च्या डिसेंबरापर्यंत सलग पंधरा वेळा जिंकली. २००७ च्या जागतिक स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. त्याच मार्गावर पुरुषांत तिचा देशबांधव जॉनथन पेज दुसरा आला होता. २०१९ च्या डिसेंबरात क्लॅरा हॉन्सिंगरने तिची मालिका तोडली. २०२१ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने कॉम्प्टनवर चार वर्षांची बंदी आली. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं ती म्हणाली. २०२० च्या सप्टेंबरातल्या त्या नमुन्याआधीचे तिचे निकाल कायम आहेत. हा शेवट सांगितल्याशिवाय तिची कामगिरी सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

ऑस्टिनच्या दोन वर्षं आधी लुईव्हिलमध्ये याहून अवघड प्रसंग आला होता. २०१३ चं जागतिक अजिंक्यपद पहिल्यांदाच युरोपाबाहेर भरलं होतं, ओहायो नदीच्या काठच्या इव्हा बँडमन पार्कमध्ये. नदीचं पाणी चढू लागलं, आणि रविवारी मार्ग पाण्याखाली जाणार हे दिसलं. आयोजकांनी दोन दिवसांच्या सगळ्या शर्यती एकाच शनिवारी, २ फेब्रुवारीला उरकल्या. मारियान व्हॉस आणि स्वेन नेस विजेते झाले. तिथे निर्णय आधी घेतला गेला, म्हणून कुणाची शर्यत हुकली नाही. बोल्डर शहराने तर २०११ मध्ये व्हॅलमाँट बाइक पार्क सायकलींसाठीच बांधला, त्यात सायक्लोक्रॉसचा कायमचा मार्ग आखला, आणि २०१४ ची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली. अशा ठिकाणी चिखल झाला तर तो खेळाचाच चिखल असतो. त्याखाली शंभर वर्षांच्या ओकची मुळं नसतात.

ऑस्टिन शहराचं कारण बरोबर होतं, वेळ चुकली. जानेवारीत पाऊस पडू शकतो, भिजलेल्या मातीवर हजारो पावलं पडली तर ती दबते, आणि झिल्करमध्ये वारसा-वृक्ष आहेत, या तिन्ही गोष्टी परवानगीच्या कागदावर सही होत होती तेव्हाही खऱ्या होत्या. मार्ग मुळांच्या वर्तुळाबाहेरून आखणं त्या वेळीही शक्य होतं, कारण सोमवारच्या शर्यतींसाठी ते एका रात्रीत करून दाखवलं गेलं. किती पाऊस झाला तर शर्यत थांबेल, ते कोण ठरवेल, किती तास आधी सांगेल आणि पर्यायी मार्ग कुठून जाईल, हे चार मुद्दे करारात लिहिल्याशिवाय कुठल्याही शहराने आपली बाग देऊ नये आणि कुठल्याही संघटनेने ती घेऊ नये.